बिनखिट्टीचं कार्ड

जुन्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग कारखान्यांनी बंद केले, त्याला जमाना लोटला. पण ज्यांच्या घरी ती यंत्रं अजून फडक्याखाली जपून ठेवलेली होती, त्यांना मिस्तरीचं दुकान ठाऊक होतं. यंत्राच्या पाठीत बसणारं मेमरीचं कार्ड तो स्वतः आखायचा, तांब्याच्या रेघा स्वतः उमटवायचा आणि झालं की उजेडात धरून न्याहाळायचा, नव्या नातवंडाकडे बघावं तसं.

शेजारच्या मावशीचं कार्ड करताना मात्र त्याची मती फिरली. मूळ कार्डाच्या तोंडाशी दाण्याएवढी प्लॅस्टिकची खिट्टी होती. ती असली की कार्ड उलटं बसतच नाही. "उलटं बसवायला लोकांनी डोळे काय गहाण टाकलेत?" असं पुटपुटत त्यानं ती गाळली. नवं कार्ड जुन्याहून देखणं दिसत होतं, म्हणून तो खुशीत होता.

मावशीनं ते उलटं बसवलं. बारीक धूर निघाला आणि यंत्र गार पडलं. त्याच यंत्रावर तिच्या यजमानांनी, वारण्याआधी, तिच्यासाठी पत्त्यांचा खेळ रचला होता. त्यात यंत्र मुद्दाम हरायचं.

"मेले माझेच हात!" ती म्हणाली. "तू जीव ओतून केलंस नि मी वाट लावली."

"होतं असं," मिस्तरी म्हणाला. खरं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. यंत्र काखोटीला मारून तो निघून गेला.

आतली मुख्य चिप जळाली होती. तशी दुसरी कुठे मिळेना. हेच सांगायला तो पुन्हा गेला, तर मावशी खिडकीशी रिकामी बसलेली. विणकामाची पिशवी वर माळ्यावर गेलेली.

"आता गॅसपाशीसुद्धा जाऊ देत नाही आम्ही," सून चहा गाळत म्हणाली. "हात चुकतात हो त्यांचे. धूर काय, उद्या आग लागायची."

मावशीनं मांडीवरचे हात पदराखाली घेतले.

मिस्तरीनं ते पाहिलं. "वहिनी," तो म्हणाला, "हात माझा चुकला. त्या कार्डाला खिट्टी होती, ती मीच गाळली. कुणीही उलटं बसवलं असतं. मी बसवलं असतं."

सुनेच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मावशीनं त्याच्याकडे मान वळवली.

"आणि त्या दिवशी तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"



मावशी उठली. सुनेला कोपरानं बाजूला सारत तिनं तो चहा मोरीत ओतला, लायटर घेतला आणि नव्यानं आधण ठेवलं. खेळाचं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

कप त्याच्यापुढे ठेवताना तिनं कपाचा कान नीट त्याच्या उजव्या हाताकडे वळवला.

"घे. उलटा धरशील नाहीतर."

सून हसली. मिस्तरीला हसू फुटलं नाही. त्यानं कान नीट धरून कप उचलला.