गार चालणारी जीप

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गॅरेजच्या आठवणी कोणी विचारल्या, की घाटात गिअर अडकलेल्या ट्रकची नाहीतर वरातीत बंद पडलेल्या गाडीची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे आणि विषय संपायचा. आता गॅरेज बंद आहे, हात कापतात, आणि ही गोष्ट माहीत असलेला माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. म्हणून लिहून ठेवतो.

बालाघाटात गोंदिया रोडला माझं गॅरेज होतं. तेव्हा आमच्याकडे एक रीत होती. मे महिन्यात गाडी तापून रेडिएटरमधून वाफ यायला लागली, की मिस्त्री आधी थर्मोस्टॅट काढून टाकायचा. आम्ही त्याला नुसतं वॉल्व्ह म्हणायचो. पाण्याच्या वाटेवरची ती एक छोटी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, आतलं पाणी आतच फिरतं आणि लवकर तापतं. पुरेसं तापलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. माझे उस्ताद म्हणायचे, ही झडप थंड मुलखातल्या लोकांसाठी आहे, आपल्या उन्हात तिचं काय काम. ते काढायचे, मीही काढायचो. काढली की गाडी तापत नसे. मालक खूश होऊन जायचा. हिवाळ्यात पुढे काय होतं, हे कोणी विचारायला येत नसे.

एका राइस मिलच्या सेठची डिझेल जीप मी अशीच झडप काढून मोकळी केली होती. त्यांना सांगितलं नव्हतं. उन्हाळाभर जीप तापली नाही, तेव्हा सेठने चार लोकांसमोर माझी तारीफ केली. ती मी ऐकून घेतली.

त्या जीपवर आमच्याच वॉर्डातला एक ड्रायव्हर होता. माझ्याहून लहान, मला दादा म्हणायचा. मितभाषी माणूस. जीपचं त्याला घरच्या जनावरासारखं होतं. आवाजात जरा फरक पडला की गॅरेजसमोर आणून उभी करायचा. हिवाळ्यात एका सकाळी तो आला. लामता गावाकडून येत होता आणि बोटं काखेत धरून बसला होता.

"दादा, काटा वर येऊनच नाही राह्यला. हीटर बी थंडी हवा फेकते."

"गरम नाही होत ना? मंग रडतं कायले?"

"गरम नाही होत, तेच तर रडून राह्यलो. डिझल लय पिऊन राह्यली. सेठ मले रोज इचारते, कुठं गेलं, कोणाच्या टाकीत गेलं. म्या म्हटलं, सेठजी, माह्या पोटात गेलं. तर हासले बी नाही."

मी बॉनेट उघडलं. इंजिन गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवला. झडप असली तर हा पाइप आधी बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. हा पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, आणि कोमटच राहिला. तेलाचं झाकण काढलं तर आतून पिवळट साय धरलेली, इंजिन गार चालत असल्याची खूण. मग वारा अडवायला रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून त्याला एक चक्कर मारून यायला सांगितलं. तो परतला तेव्हा काटा वर आला होता, धूरही कमी झाला होता. अजून तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. झडप नसल्यामुळे इंजिन तापत नव्हतं, आणि गार इंजिनला तेवढ्याच वाटेला जास्त डिझेल लागतं.

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी पुठ्ठा काढला आणि म्हणालो, "काट्याचा सेन्सर खराब असंन. पाहू."

"अन् डिझल?"

"थंडीत थोडं जातेच."

"सेठले एक शब्द सांगा न दादा. माहं नाही आयकत ते, तुमचं आयकते."

"हौ, सांगतो," मी म्हणालो.

मिलच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे यायच्या आणि त्या सगळ्यांच्या झडपा मी काढलेल्या होत्या. स्टँडवरच्याही अर्ध्या गाड्यांच्या. एकीबद्दल बोललो असतो तर सगळ्यांबद्दल बोलावं लागलं असतं. त्या वेळी मी एवढाच विचार केला.

काही दिवसांनी सेठ स्वतः जीपमध्ये बसून आले. ड्रायव्हर खाली उतरून दाराशी उभा राहिला. सेठने खुर्ची घेतली नाही.

"मिस्त्री, एक बात बताओ. गाडी पी रही है या ड्रायव्हर?"

मी हात पुसत होतो.

"हँसी नहीं कर रहा. गाडी में कुछ खराबी हो तो अभी बोलो, मैं इससे माफी माँग लूँगा."

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "गाडी तो ठीक है, सेठजी."

ड्रायव्हरने किल्ली जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि चालत घरी गेला.

इथवर मी फक्त तोंडाने खोटं बोललो होतो, असं म्हणता येईल. पुढचं मी हाताने केलं. जीप नव्या ड्रायव्हरला द्यायची म्हणून सर्व्हिसिंगला आली. मला वाटलं, निदान त्याच्यावर तरी हा आळ यायला नको. मी नवी झडप आणली आणि कोणाला न सांगता बसवली. काटा मधोमध येऊन थांबला. जीपचं ॲव्हरेज पहिल्यासारखं झालं.

सेठने चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना सांगितलं, "ड्रायव्हर बदला, ॲव्हरेज लौट आया. अब और क्या सबूत चाहिए?" मीही तिथे होतो, हातात चहाचा ग्लास होता. आधी नुसता संशय होता. माझ्या दुरुस्तीने तो पक्का झाला.

त्या पहिल्या ड्रायव्हरला स्टँडवर कोणी गाडी दिली नाही. तो बायकोला घेऊन खैरलांजीकडे तिच्या माहेरच्या गावी गेला आणि दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी-कापणी करू लागला. जयंतीला बालाघाटला यायचा. भेटला की पहिल्यासारखाच "जय भीम, दादा" म्हणायचा. एका वर्षी मंडपामागे आम्ही दोघंच बुंदी खात बसलो होतो. तो सहज म्हणाला,

"मले आजलोक एक गोष्ट समजली नाही, दादा. मी हटलो अन् ॲव्हरेज कसा वाढला? घरची बी इचारते मले. म्हंते, आता तं खरं सांगा जी, मी काही रागावत नाही."

"मंग तू काय म्हणतं?"

"काय म्हणू? तिनं माफ केलं मले. न केलेल्या गोष्टीचं." तो थोडा हसला. "कधी कधी मलेच वाटते, म्याच डिझल इकलं असंन बाप्पा."

यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "जुन्या गाड्यायचा काही भरोसा नसते." त्याने मान हलवली आणि द्रोण चुरगाळून टाकला.

त्या दिवशी घरी येऊन मी काढलेल्या सगळ्या झडपा परत बसवायचं ठरवलं. जेवढ्या गाड्या हाती लागल्या तेवढ्यांना बसवल्या, पैसे घेतले नाहीत. कारण विचारलं तर सांगायचो, कंपनीने आता असंच सांगितलं आहे. हेही खोटंच होतं.

मागच्या वर्षी तो गेला. पुण्यानुमोदनाला मी बसने खैरलांजीला गेलो. वंदना झाली. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने उठून त्याच्याबद्दल दोन शब्द सांगितले. त्याच्या साळ्याने मला उठवलं आणि म्हणाला, हे बालाघाटचे मिस्त्री, गाडीच्या दिवसांतले त्यांचे सोबती. मी उभा राहिलो. म्हणालो, तो चांगला ड्रायव्हर होता, त्याच्या हातून कधी अपघात झाला नाही, गाडीला जीव लावायचा. लोकांनी माना डोलावल्या. त्याची बायको समोर चटईवर बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. गाडीची गोष्ट निघाल्यावर ती जरा सरसावून बसली, मी आणखी काही सांगेन असं वाटून.

मी खाली बसलो. जेवण झालं. निघताना ती दारापर्यंत आली, पाणी विचारलं, सांभाळून जा म्हणाली. मी हात जोडले. म्हणायचं होतं आणि राहून गेलं ते एवढंच: "बाई, त्यानं डिझल नाही इकलं. ते माह्या हातानं झालं होतं, अन् मले मालूम होतं. तुमी त्याले माफ केलं, पण ते माफी माह्या वाट्याची होती."