लाल पाणी कुठे निघालं

सासूबाईंना शनिवारी दवाखान्यातून सोडणार होते आणि बुधवारी सकाळी आमचा खालचा संडास तुंबला. त्या गावी, वेल्ह्याकडच्या पासलीला, अंगणात घसरून पडल्या होत्या. पुण्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. उकिडवं बसायचं नाही आणि जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पासलीच्या घरात कमोड नाही. आमच्या भोरच्या घरात एकच आहे, तो हा. तीन दिवसांत तो सुरू झाला नाही तर बाईंना न्यायचं कुठे?

नवरा म्हणाला, "थोडं थोडं जातंय की."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. थोडं थोडं जाणाऱ्या पाण्यावर खुबा मोडलेल्या बाईला बसवायचं का? मग त्याने दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणून ओतली. दोन तास घरात श्वास घेता येईना. पाणी होतं तिथेच राहिलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. मागच्या वर्षीही हाच आला होता. बांबूच्या कामट्या एकीला एक बांधून त्याने आत सारल्या, खालीवर केल्या, बाहेर काढून वास घेतला आणि निदान सांगितलं.

"ताई, तुमच्या लायनीत हवा अडकतीया."

"मागच्या वर्षी तर उतार कमी आहे म्हणाला होतात."

"त्यो बी कमीच हाय."

"बरं, आपल्या चेंबरमधून पुढे लाइन जाते कुठे?"

"जात आसंल की कुठंतरी."

घर आम्ही तयार घेतलेलं. नकाशात खोल्या आहेत, पाइप नाहीत. नवऱ्याच्या मते लाइन उजवीकडच्या बोळातून रस्त्याला जाते. मिस्त्रीच्या मते मागे शोषखड्डा असणार. दोघांपैकी कुणीही ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, पण दोघांनाही खात्री होती.

मी शाळेत गणित शिकवते. गुरुवारी रजा टाकली आणि घरातले सगळे नळ बंद केले. मग एकेका ठिकाणी एकेक बादली ओतत गेले. स्वयंपाकघरात ओतली, तर कमोडमध्ये बुडबुडे आले. वरच्या न्हाणीत ओतली, तर खालच्या न्हाणीच्या जाळीतून पाणी वर आलं. म्हणजे दोष कुठल्या एका भांड्यात नव्हता, सगळ्या लाइनी एकत्र होतात त्याच्या पुढे होता. अंगणातल्या चेंबरचं झाकण पहारीने उचललं, तर तो काठोकाठ भरलेला. म्हणजे दोष चेंबरच्याही पुढे. एवढं कळायला दीड तास लागला. दोन माणसं आदला अख्खा दिवस कमोडमध्येच खुपसत बसली होती.

रात्रभर कुणाला पाणी वापरू दिलं नाही. सकाळी चेंबरमधली पातळी चार बोटं उतरली होती. म्हणजे पाणी झिरपत कुठेतरी निघत होतं. ते 'कुठेतरी' शोधायचं तर पाण्याला रंग हवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पाव किलो कुंकू उरलं होतं. नळाला पाणी यायच्या आत, उजाडता उजाडता, मी चेंबरपाशी बसले, पुडी फोडली आणि सगळं कुंकू आत ओतून काठीने ढवळलं. वरून दोन बादल्या पाणी सोडलं. केस बांधायचे राहिले होते. त्या दिवशी अमावास्या होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

मी बोळात जाऊन रस्त्याच्या गटारात बघत उभी राहिले. लाल काही दिसेना. घरामागेही काही नाही. तासाभराने डावीकडच्या भिंतीपलीकडून किंकाळी ऐकू आली.

पलीकडे राहणाऱ्या काकू मूळच्या कामथडीच्या. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला. त्यांच्या अंगणात धुण्याचा मोठा दगड आहे, सिमेंटमध्ये पक्का बसवलेला. त्या दगडाच्या कडेने लाल पाणी वर येत होतं.

"म्या बघितलं तुला!" काकू भिंतीवरून ओरडल्या. "क्येस सोडून बसलीवतीस. अवसेच्या दिशी. आन् हातात कुंकू! शिकलेली बाई तू, आन् शेजाऱ्याच्या दारात करनी करतीस व्हय गं?"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर इतका आनंद गेल्या तीन दिवसांत झाला नव्हता. लाइन डावीकडे जात होती.

"काकू, करणी नाही ती. आमचा संडास तुंबलाय. पाणी कुठे निघतं ते बघायला कुंकू टाकलं."

काकूंनी दगडाकडे बघितलं, आमच्या घराकडे बघितलं.

"म्हंजी ह्ये तुमच्या संडासाचं पानी हाय?"

"हो."

"माझ्या धुन्याच्या दगडाखालनं जातंय?"

"दगडाखाली चेंबर असणार. तुम्ही फरशी करताना झाकला गेला असेल."

"कवापासनं जातंय?"

"घरं बांधली तेव्हापासूनच असेल."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मी त्याच्यावर देवाची वस्त्रं धुती गं! ह्यापरीस करनी बरी व्हती!"

दगड फोडू द्या म्हणून विनवण्या कराव्या लागतील, असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. आता तो दगड तिथून हलल्याशिवाय काकू चहासुद्धा घेणार नव्हत्या. मिस्त्रीला त्यांनीच फोन लावला आणि असा दम दिला की तो पंधरा मिनिटांत हजर झाला.

छिन्नी-हातोड्याने सिमेंट फोडलं. दगड सरकवला. खाली खरोखरच चेंबर होता, तोही तुडुंब. मिस्त्रीने पुढे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात हात घालून ओढलं, तर आधी काथ्याचा गुंता आला, मग साबणाचा दगड झालेला गोळा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोन हात लांबीची बांबूची कामटी. दोरीचा तुकडा अजून तिला बांधलेला होता.

मी त्याच्याकडे बघितलं.

"ही माझी न्हाई," तो म्हणाला. "माझी गाठ येगळी आसती."

"बाजूला त्या कामट्या पडल्यात तुझ्या," काकू म्हणाल्या. "दाव बरं गाठ."

गाठ तीच होती. मागच्या वर्षी कामटी आत मोडली, वाहत इथवर आली आणि हा गृहस्थ उतार कमी आहे असं सांगून निघून गेला. वर्षभर त्या कामटीला आमच्या घरातलं जे जे म्हणून वाहतं ते अडकत राहिलं. पाणी जाताना मोठा आवाज होत होता आणि मला तो ऐकायचा होता. बोलायचं ते काकूंनी बोलून घेतलं. माझ्याशीही बोलल्या: महिन्याभरात आमची लाइन आमच्या बोळातून फिरवायची, तोवर चेंबर उघडा राहणार, दगड परत बसणार नाही.

शनिवारी दुपारी सासूबाई आल्या. दोघांनी धरून त्यांना आत नेलं, कमोडवर बसवलं. मी दाराबाहेर थांबले. बराच वेळ काही नाही. मग फ्लशचा आवाज, आणि पाणी घळाघळा खाली उतरल्याचा आवाज. मी श्वास सोडते न सोडते तोच भिंतीपलीकडून काकूंची हाक आली.

"गेलं गं! हितनं फुडं गेलं सगळं!"

आतून सासूबाईंचा आवाज आला.

"आता वेल्ह्यापातुर कळवा म्हनावं, म्हातारी मोकळी झाली म्हून."