भाऊजींचा पासवर्ड

जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकायचं मी ठरवलं, तेव्हा त्यातलं कोणतं घ्यायचं तेही वाचून ठरवलेलं. नवशिक्यांना मिंट बरं, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. पण आमच्याकडे थोरल्या दिरांना विचारल्याशिवाय मिक्सरसुद्धा घरात येत नाही. भाऊजी नौपाड्याहून ठाकुर्लीला आले आणि हसले. "मिंट? ते बायकांना ठीक आहे." मग मी कोण होते? त्यांनी स्वतःच्या आवडीचं, सगळ्यात किचकट म्हणतात ते आर्च टाकलं आणि काहीही नवीन टाकायला लागणारा मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "उगाच काहीतरी उडवून ठेवशील."

त्यानंतर साधा मराठी फॉन्ट हवा असला तरी भाऊजींना फोन. ते रविवारी यायचे, माझ्या हातचं मटण चापायचे आणि एटीएमसमोर उभे असल्यासारखा एक हात आडवा धरून पासवर्ड टाकायचे. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्यासमोर.

गेल्या वर्षी ते अचानक गेले. तेराव्याला मी जाऊबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "लॅपटॉपचा पासवर्ड काही सांगून गेले का हो?"

त्यांनी डोळे पुसले. "अगं, मला कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय तेही सांगून गेले नाहीत. काल किल्लीवाल्याला बोलावून कुलूप फोडलं."

घरी येऊन मी पेन ड्राइव्ह लावला. सगळं पुसून टाकायला कुणाचाच पासवर्ड लागत नाही. डब्यात बांधून दिलेली तेराव्याची जिलबी खात मी मिंट टाकलं. अर्ध्या तासात भाऊजी माझ्याही घरातून गेले.