पोचा आलेली डबी

सोलापुरातल्या एका शाळेत मी केस पांढरे होईपर्यंत इतिहास शिकवला. शीतयुद्धाचा धडा आला की फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशिया. शेवटचं वाक्य मुलं घोकून यायची: 'भिंत पडली, सोव्हिएत संघ फुटला आणि शीतयुद्ध संपले.' त्याला हमखास मार्क मिळायचे. संपले म्हणे! कप्पाळ संपलं.

संघ फुटला तेव्हा मी नोकरीत नवी होते. नवा नकाशा मागितला तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, देश काय, रोज फुटतील. शाळेला परवडायचं नाही." मग मीच कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर नव्या देशांची नावं लिहिली आणि खळीनं जुन्या नकाशावर चिकटवल्या. पुढे वर्गात डिजिटल फळे आले आणि तो नकाशा माझ्या घरी आला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्याच्यासमोर पालथा पडून अभ्यास करायचा. बहिणीचा नवरा लवकर गेला, हा एकुलता एक. एकदा त्यानं विचारलं, "मावशी, ह्या देशावर पट्टी का लावलीय?"

"नवा देश आहे तो."

"मग पट्टीखालचा कुटं गेला?"

"गप अभ्यास कर," मी म्हटलं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीत असतं आणि ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही, फक्त पूजेला तळहातावर घ्यायचं. माणूस मातीत जातो तेव्हा ते त्याच्याबरोबर जातं. ज्याचं लिंग मातीला गेलं, तो गेला. आमच्याकडे याच्यापुढे काही विचारत नाहीत.

आयटीआय करून पोरगा आखातात वायरमन म्हणून गेला. तिथल्या विमानतळावर तपासणीवाल्यानं डबी उघडायला लावली, लिंग प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उपडं केलं आणि डबी खाली पडून तिला पोचा आला. पोरानं हे फोनवर हसत हसत सांगितलं. बहीण त्या दिवशी जेवली नाही.

करार संपला आणि तो परत आला. इथे मनासारखं काम मिळेना. तेवढ्यात मोबाईलवर कुणा एजंटाचा व्हिडिओ आला: रशियात गोदामात मदतनीस पाहिजेत, लढाईशी काही संबंध नाही. मी डोकं आपटून घेतलं. "अरे, तिकडे युद्ध पेटलंय, तुला बातम्या दिसत नाहीत का?" तर मलाच म्हणतो, "मावशी, तूच शिकवलंस की, संपलं म्हणून!" चिडवायची खोडच होती त्याला.

निघायच्या सकाळी बहिणीनं त्याच्या गळ्यातली डबी काढून घेतली. "परत त्या मेल्यांचे हात नकोत लागायला. माझ्या लिंगासंगं रोज तुझ्याचीबी पूजा करते. आलास की घाल." लिंगाला परका हात लागू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यानं मुकाट्यानं मान वाकवली. मीही तिथंच उभी होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुरुवातीला फोन नीट येत होते. मग एकदा व्हिडिओवर तो हिरवट वर्दीत दिसला. गोदाम-बिदाम काही नव्हतंच. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली, हातात बंदूक दिली आणि पाठवलं पुढे. चेहरा सुकला होता. आईला म्हणाला, "अव्वा, माझं लिंग हाय न्हवं?"

"हाय की रे राजा. हे बघ." तिनं डबी मोबाईलसमोर धरली.

"व्हय, पोचा दिसला," तो म्हणाला आणि हसला. "हितं डोक्यावर सारखं ड्रोन फिरतंय, अव्वा. लई भ्या वाटतं."

त्यानंतर फोन लागलाच नाही.

आम्ही पुढाऱ्यांच्या दारात उभ्या राहिलो, दिल्लीला फोन लावले. 'चौकशी चालू आहे.' भाजी घेताना ओळखीचा एक गृहस्थ म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतिहासवाल्या. सांगा, कोण जिंकणार?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! हातातली मेथी त्याच्या तोंडावर मारावी वाटली. टीव्हीवर टाय लावलेली माणसं क्षेपणास्त्रांची चित्रं मोठ्या कौतुकानं दाखवत होती. मग दोन मोठ्या देशांचे प्रमुख बोलणी करायला बसले, हसले, हात मिळवले. बहीण टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. त्या टेबलावर आमच्या पोराचं नाव कोण काढणार होतं?

एक दिवस ती नकाशासमोर येऊन उभी राहिली. "अक्का, कुटं हाय गं त्यो?"

मी रशियाच्या शेजारच्या पट्टीच्या कडेवर बोट ठेवलं. "हितं कुठंतरी."

पट्टीचा कोपरा सुटला होता. तिनं बोटाला थुंकी लावून तो चिकटवला आणि बराच वेळ दाबून धरला.

शेवटी दिल्लीहून फोन आला. तो गेला. शरीर मिळालेलं नाही, त्या भागातून मिळण्याची आशा धरू नका. बोलणारा बिचारा तरुण होता, चाचरत होता. मी फोन ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. किती वर्षं मी युद्धं शिकवली, आता हे बहिणीला सांगायला गल्लीच्या टोकापर्यंत जायचं होतं.

काही महिन्यांनी स्वामी आले, भाऊबंद जमले. सगळ्यांचं एकच म्हणणं, लिंग तरी मातीला द्या, म्हणजे पोराला शांती मिळेल. बहीण कितीतरी दिवस 'न्हाय' म्हणत राहिली. खरं सांगते, मलाही वाटत होतं की हे एकदाचं व्हावं आणि तिनं पोटभर रडून घ्यावं. एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "बरं."

आमच्या दफनभूमीत छोटासा खड्डा काढला. स्वामींनी मंत्र म्हटले. बहिणीनं घरूनच डबी पांढऱ्या फडक्यात विभूती आणि बेलाच्या पानांसकट गुंडाळून आणली होती, ती तिनं स्वतःच्या हातानं आत ठेवली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आम्ही सगळ्यांनी माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन तिच्याकडे गेले. ती पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर लिंग होतं, पुढ्यात उघडी डबी. डबीला पोचा होता.

मी चहा खाली ठेवला. "ही त्याची ना?"

"व्हय."

"मग काल मातीत काय ठेवलंस?"

"माझं," ती म्हणाली. "त्यो आला तर त्याला लागंल की त्याचं. मला काय करायचंय आता?"

तिनं लिंगावर फूल वाहिलं, ते पुसून डबीत ठेवलं आणि डबी गळ्यात बांधली.

"बस की अक्का," ती म्हणाली. "चहा गार व्हायलाय."