उलटे आठ प्रश्न

आमच्या मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख मॅडमना मुलं पाठीमागे ‘शिक्का मॅडम’ म्हणतात, आणि अगदी बरोबर म्हणतात. बारा वर्षं मी तिथे लिपिक आहे. माणूस दारातून आत आला, की त्याला बसा म्हणण्याआधी मॅडम त्याचा प्रकार ठरवून मोकळ्या: हा घुमा, ही हट्टी, तो घाबरट. मी कोण? ‘संशयी’. एकदा त्यांच्या सहीखालची तारीख चुकलेली दाखवली, तेव्हापासून.

यंदा त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून चाळीस प्रश्नांचे फॉर्म भरून घेतले. कुठल्या स्वभावाची मुलं कसले वेडेवाकडे विचार करतात, यावर अहवाल लिहायचा होता. मोजणी स्वतःच केली. लिपिकाच्या हातात आकडे कोण देणार! वर एकेकाला बोलावून निकाल ऐकवला. त्याच वर्गातल्या माझ्या भाचीला म्हणाल्या, “तू काळजीखोर. तुझ्यासारख्या मुली तोंडी परीक्षेत गळपटतात.”

माझी भाची! परीक्षेच्या दिवशीही पोटभर जेवून, वर एक डुलकी काढून जाणारी. आठवडाभरात पोर वाळली. एक उत्तर अडलं की वर्ष गेलंच, परीक्षक हसले तर मलाच हसले, असलं काहीबाही बोलायला लागली. सोमवारी तोंडी होती.

माझं डोकं फिरलं. कपाटातून तिचा फॉर्म काढला. त्यात आठ प्रश्न उलटे होते. ‘परीक्षेआधी मी शांत असते’ याला तिने पाचपैकी पाच दिले, तर काळजीचा एकच गुण धरायचा असतो. मॅडमनी आठही ठिकाणी सरळ पाच धरले होते. पोर जितकी निर्धास्त, तितकी घाबरट ठरली.

फॉर्म त्यांच्या टेबलावर आपटला. “चूक झाली म्हणून तिला आजच सांगा.”

त्यांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “संशयी माणसाला चुकाच दिसतात,” म्हणाल्या.

मग मीच भाचीसमोर बसून बेरीज करून दाखवली. ती माझ्याकडेच कीव आल्यासारखी बघत राहिली.

“मामा, मला बरं वाटावं म्हणून करतोयस ना हे?”

सोमवारी ती गेलीच नाही. वर्ष बुडालं.

मंगळवारी मॅडमनी तोंडीच्या गैरहजरांची यादी मागवली आणि तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?”

अहवालात ते भाकीत खरं ठरलं म्हणून गेलं. टाइप मीच केलं.