अंगठ्याएवढी चांदी

विलासच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या कॅम्पसवरच्या वर्कशॉपमध्ये एक बिघडलेलं ड्रिल मशीन उघडून बसलो होतो. "काका, बाबा गेला," एवढंच ती मराठीत बोलली, पुढचं सगळं इंग्रजीत. विलास डार्विनला, घरामागच्या त्याच्या शेडमध्ये, बाकावर बसल्या बसल्या गेला होता. डोक्यावर पंखा चालू, हातात त्याचा तो गोफासारखा बोलो टाय. पंचेचाळीस वर्षांची मैत्री, आणि मला पहिला विचार काय आला, तर याचा अंगठा आत्ताही काळाच असणार. मन असलं निलाजरं असतं.

या अंगठ्याचं सांगायला हवं. चौदा एप्रिलच्या जयंतीला सूट-टाय घालून जायचं, हा आमच्या घरांतला पाठ. पिंपरीच्या आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर होतो, तेव्हा दोघांत मिळून एकच टाय होता. फोटो काढताना आधी तो घालायचा, मग मी. पुढे विलास डार्विनला हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायच्या नोकरीवर गेला, आणि तिथल्या एप्रिलच्या उकाड्यात टाय म्हणजे स्वतःच्या हाताने घेतलेला फास. एकदा रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या खोक्यात त्याला हा बोलो टाय सापडला. चामड्याचा गुंफलेला गोफ, टोकांना चांदीच्या टोप्या, आणि गळ्याशी वरखाली सरकणारा, बिस्किटाएवढा काळसर लाकडाचा तुकडा. त्या लाकडात चांदीची तार गोल गोल फिरवत बसवलेली, मधोमध रुपयाएवढी चांदीची चकती. कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी हाताने केलेला. मागे नाव नाही, अर्धी तार उखडलेली. विलासने तो दुरुस्त केला आणि जयंतीला घालून गेला. तिथल्या एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, दावं कुणी बांधलं? सुजाताने?" सुजाता म्हणजे त्याची बायको. ती म्हणाली, "बांधून काय उपयोग, तो शेडमधून बाहेर येतो कुठे?"

खरंच यायचा नाही. मग लोक आजोबांचे, सासऱ्यांचे जुने बोलो टाय त्याच्याकडे आणू लागले. लाकडात बारीक चीर पाडायची, चपटी तार हलक्या हाताने ठोकून बसवायची आणि वर ओलं फडकं ठेवायचं. लाकूड फुगतं आणि तारेला आवळून धरतं. गोंद नाही, खिळा नाही. "लाकडाने एकदा धरलं ना मन्या, की सोडत नाही," असं तो सांगायचा, आणि सांगताना स्वतःच्या गळ्यातल्या चकतीवर अंगठा घासत राहायचा. डार्विनच्या दमट हवेत चांदी पंधरा दिवसांत काळी पडते. ती काजळी याच्या अंगठ्याला, तिथून शर्टाला, पोळीला. सुजाता ओरडायची. चकती मात्र त्याच्या अंगठ्याएवढी कायम लख्ख.

अंत्यविधीला मी गेलो. त्रिशरण-पंचशील म्हटलं, सगळं साधेपणाने झालं. प्रज्ञाने बाबाच्या हातातून घेतलेला तो टाय शेडमध्ये खुंटीला अडकवला होता. निघताना शेडला कुलूप मीच लावलं, आणि माझ्या धांदरटपणामुळे किल्ली खिशातून ॲडलेडला आली. दुसरी किल्ली विलासने कधीच हरवली होती. असू दे, पुढच्या वेळी देऊ, म्हणून मी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

पाचेक आठवड्यांनी प्रज्ञाचा क्रेगीबर्नहून, तिच्या घरून फोन. सुजाताला साखरेचा त्रास, घरात एकटी, आणि मुलीकडे यायला तयार नाही. "काका, ती म्हणते, चकती काळी पडली की येईन. पण ती काळी पडतच नाहीये म्हणे. आय ॲम शुअर, आईच घासते. तुम्ही जाऊन तो टाय घेऊन या ना, प्लीज." मी फोन कानाला धरूनच ड्रॉवर उघडला. किल्ली तिथेच होती... प्रज्ञाला मी त्याबद्दल काही बोललो नाही.

डार्विनला पोचलो तेव्हा भर दुपार होती, आणि सुजाता शेडच्या काचेच्या झडपेला कपाळ टेकवून उभी होती. रोज अशीच उभी राहायची. मी कुलूप उघडलं. आत कोंदट हवा, ओल्या लाकडाचा वास. बाकावरच्या तारा काळ्या, लोकांचे दुरुस्तीला आलेले टाय काळे. खुंटीवरच्या चकतीचीही कड काळी. फक्त मधोमध अंगठ्याएवढी जागा, नुकतीच पुसल्यासारखी...  मी नकळत सुजाताच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिने तो माझ्यापुढे धरला. स्वच्छ होता.

"भाऊजी, किल्ली तुमच्याकडे होती," ती म्हणाली.

आम्ही भूतखेत, पिंड, कावळा यातलं काही मानत नाही. आमच्या आईवडिलांनी ते सगळं मागे टाकलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. सुजातालाही आहे. "मीसुद्धा मानत नाही हो," ती म्हणाली, "पण तो इथे असेल तर मी कशी जाऊ?" मी गोफाला धरून टाय खुंटीवरून काढला. म्हटलं, मी हा घेऊन जातो, काळी पडली की फोन करतो. "खरं सांगाल?" तिने विचारलं. मी म्हटलं, "त्याच्यासमोर पंचशील घेतलंय मी."

माझ्या घरात मी एकटाच राहतो. टाय दाराच्या मागे खुंटीला लावला आणि त्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं. झोपेत आपणच घासत असू, या शंकेने रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी अंगठा बघायचो. एकदाही डाग नाही. तीन आठवडे गेले. चकती तशीच. मग एका सकाळी कळलं की सुजाता बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली आणि दोन तासांनी शेजारणीच्या लक्षात आलं. मी त्याच दुपारी फोन केला. "काळी पडली," म्हणालो.

"पूर्ण?"

"पूर्ण."

 ती "बरं" म्हणाली. आठवड्याभरात ती क्रेगीबर्नला गेली. प्रज्ञाचा मेसेज आला, काका, यू आर अ लेजंड.

सुजाता, हे ज्या मराठी पुरवणीत छापून येईल ती तू वाचतेस, म्हणून इथेच लिहितो. समोर बसून बोलायचं धाडस झालं नसतं. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी मोडलं, तेही तुझ्याशी. चकती काळी पडलेली नाही. तू पडलीस म्हणून घाबरून खोटं बोललो हे खरं, पण तेवढंच खरं नाही. खरं म्हटलं असतं तर तू टाय परत मागितला असतास, आणि मला तो द्यायचा नव्हता. निवृत्तीला आलेला माणूस, रोज रिकाम्या घरात शिरतो... दाराआड कुणीतरी आहे असं वाटायचं. भीती वाटायची, आणि ती हवीशी वाटायची.

येत्या रविवारी मी तो घेऊन क्रेगीबर्नला येतो. ठेवायचा की काय करायचं, तू ठरव. आमच्या दोघांत एकच टाय असायचा. आधी तो घालायचा, मग मी. या वेळची माझी पाळी मी तुला देतो. आत्ता हे लिहिताना दार अर्धवट उघडं आहे आणि खुंटीवरचा गोफ वाऱ्याने थोडा हलतोय. उठून दिवा लावला, अंगठा बघितला. स्वच्छ आहे.