मुद्देमालासह मुलाखत

माझ्या नणंदेची मूळ प्रमाणपत्रं चोरीला गेली, त्या दिवशी ती सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. आम्ही सिंदी मेघेला राहत होतो आणि मी वर्ध्यात एका कार्यालयात टायपिस्ट होते. नणंद आष्टीकडच्या आमच्या गावाहून बी.एस्सी., बी.एड. होऊन आमच्याकडे राहायला आली होती. आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत गणिताच्या शिक्षकाची एक जागा निघाली होती आणि गुरुवारी मुलाखत होती. सासऱ्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: ही नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आलेल्या स्थळाला होकार कळवायचा. मुलगा तिला पसंत नव्हता. सासऱ्यांना त्याची वीस एकर ओलिताची जमीन पसंत होती.

शेजारचे डॉक्टर सरकारी दवाखान्यात होते. प्रमाणपत्रांच्या नकलांवर ते सही-शिक्का देणार होते. रविवारी वर्ध्यात आमच्या आणि त्यांच्याही ओळखीच्यांकडे साखरपुडा होता. तिथून परतताना दवाखान्यात थांबू, असं ठरलं. म्हणून मी फाइल रेक्झिनच्या पिशवीत घातली आणि पिशवी डॉक्टरांच्या फियाटच्या मागच्या सीटवर ठेवली.

जेवून बाहेर आलो तर त्या घरासमोर उभ्या असलेल्या चारही गाड्यांची पुढची तिकोनी काच फुटलेली होती. वर्ध्यात तेव्हा एका रस्त्यावर चार गाड्या एकत्र दिसत नसत. चोरालाही ही संधी वाटली असावी. एका गाडीच्या डिकीतली स्टेपनी गेली, दुसरीतला रेडिओ गेला, आमची पिशवी गेली. चौथ्या गाडीतून काहीच गेलं नव्हतं. तिच्या मालकाला राग सगळ्यांत जास्त आला.

ठाण्यात जमादार होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि कागद पुढे ओढला.

"पिशवी हरवली म्हणून लिहा बाई. दाखला आत्ताच्या आत्ता देतो. चोरी लिहिली तर तपास करा लागते."

"मग करा ना तपास."

"काऊन एवढं मनावर घेता? पिशवीच तर होती."

"गाडीची काच फुटली आहे."

"काच दगडानं बी फुटते."

"चार गाड्यांची? एकाच कोपऱ्यातली?"

जमादारांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "जमादारसाहेब, तुमच्या ठाण्याचे मारहाणीचे दाखले माझ्याच सहीनं निघतात ना?" मग तक्रार चोरीची झाली.

पिशवीत काय काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी पर्समधून टाइप केलेली यादी काढून दिली. नऊ कागद, प्रत्येकाचा क्रमांक आणि त्यावरचे गुण.

"चोरी व्हायच्या आधीच यादी केलती?" जमादारांच्या आवाजात पहिल्यांदाच तपासाची छटा आली.

"मी प्रत्येक फाइलची यादी करते."

"काऊन?"

मी यादीची कार्बन प्रतही काढून पुढे ठेवली.

चोर मंगळवारी सापडला. एका गावच्या बाजारात तो स्टेपनी विकत होता. त्या बाजारात गाडी असलेला एकही माणूस नव्हता, पण पोलिसांची जीप उभी होती. त्याने ती स्टेपनी जीपच्या ड्रायव्हरला दाखवली. जीपला ती बसली नाही, तेव्हा ड्रायव्हरला संशय आला. चोराच्या खांद्याला आमची पिशवी होती. तिच्यात तो डबा ठेवत होता. फाइल त्याने डब्याखाली पसरली होती. एकही कागद दुमडलेला नव्हता.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. फाइल टेबलावर होती, पण कापडात शिवलेली आणि गाठीवर लाखेचं सील.

"आता हा मुद्देमाल झाला," जमादार म्हणाले. "चोराजवळ सापडला, म्हणजे कोर्टाचा झाला. कोर्टात अर्ज करा. जज्जसाहेब सोमवारी रजेवरून येतीन."

"मुलाखत उद्या आहे."

"तर मग हरवली म्हणून लिहिलं असतं तर बरं झालं असतं," जमादार म्हणाले. मला वाटतं त्यांनी हे दुष्टपणाने म्हटलं नव्हतं.

शाळेच्या पत्रात लिहिलं होतं की मूळ प्रमाणपत्रं न दाखवणाऱ्या उमेदवाराचा विचार होणार नाही. नणंद बाकावर बसून राहिली. ती रडली नाही. "वहिनी, राहू द्या. वीस एकर आहे त्याईची," एवढंच म्हणाली.

मी जमादारांना विचारलं, कागद ठाण्याबाहेर जाऊ शकत नाहीत, की पोलिसाच्या हाताबाहेर?

मग त्यांनी यादीवर बोट फिरवलं. नणंदेची मॅट्रिक आर्वीच्या शाळेतली होती. कागद खरंच तिचे आहेत का, याची त्या शाळेत जाऊन खात्री करणं हे तपासाचंच काम होतं. त्यासाठी एक शिपाई मुद्देमाल घेऊन आर्वीला जाऊ शकत होता. वाटेत तो कुठे थांबतो, हे जमादारांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शिपाई निवृत्तीला आलेले होते. एकदा त्यांच्या ताब्यात असलेली मुद्देमालाची बकरी मेली होती आणि त्याचा खुलासा त्यांनी तीन वर्षं केला होता. त्यामुळे गुरुवारी आर्वीच्या एसटीत त्यांनी ते बोचकं मांडीवर धरलं ते सोडलंच नाही. तिकीट काढतानाही दुसरा हात त्यावर होता.

नणंद माझ्या कानात म्हणाली, "लोक मलेच पाहून राह्यले. मीच चोर आहो असं वाटते त्याईले."

"सरळ बस," मी म्हटलं.

जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाच्या भावासाठी आहे, हे शाळेच्या व्हरांड्यात पोचल्यावर पाच मिनिटांत कळलं. तो स्वतःच सांगत होता. नणंदेचं नाव पुकारलं तेव्हा शिपाई तिच्या मागोमाग आत गेले. खिडकी उघडी होती, मी तिच्याजवळ उभी राहिले.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे माझ्या सर्टिफिकेटांसोबत आहेत," नणंद म्हणाली.

शिपायांनी सलाम केला. "सील उघडा लागते साहेब. दोन पंच लागतीन. तुम्ही आणि हेडमास्तरसाहेब आहाच." उत्तराची वाट न पाहता त्यांनी पंचनामा लिहायला घेतला. मग एकेक कागद वर धरून मोठ्यानं वाचला.

"बी.एस्सी. गणित. प्रथम श्रेणी. दिसलं काय साहेब?"

अध्यक्षांनी हात पुढे केला.

"हात नोका लावू. मुद्देमाल आहे. दिसलं काय?"

"दिसलं."

"मंग इथं सही करा."

बी.एड.लाही प्रथम श्रेणी होती. तीही दिसली, तिच्यावरही सही झाली. हेडमास्तरांनी गणितातले दोन प्रश्न विचारले. शिपाई दोन्ही उत्तरं लक्षपूर्वक ऐकत होते.

"या कागदाचं पुढं काय होते?" अध्यक्षांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"केस उभी राह्यली की कोर्ट बोलावते. तुम्ही आज काय पाह्यलं ते शपथेवर सांगा लागते."

अध्यक्षांनी पंखा वाढवायला सांगितला. पंखा आधीच पूर्ण वेगात होता.

नेमणुकीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. रुजू व्हायला गेलो तर शाळेचे बाबू अडून बसले. मूळ प्रमाणपत्रं पाहिल्याशिवाय ते नोंद करणार नव्हते, आणि कोर्टाने ती अजून सोडली नव्हती. अध्यक्षांना बोलवावं लागलं. "लिहून टाक बाबा," ते म्हणाले. "म्या पाह्यले. किती ठिकाणी सह्या केल्या ते माह्यं मले माहीत."

पुढच्या आठवड्यात आम्ही गावाला गेलो. सासऱ्यांनी पेढे खाल्ले, पोस्टकार्ड काढलं आणि स्थळाला नकार लिहायला मला बसवलं. मुलीला नोकरी लागली, तिला इतक्यात लग्न करायचं नाही, असं ते सांगत गेले तसं मी लिहीत गेले. मग त्यांना मुलाखतीची हकिगतही थोडी घालावीशी वाटली.

"बाबा," नणंद दारातून म्हणाली, "नोकरी लागली एवढंच लिहा. पोलिसाचं नोका लिहू."

"लिही," सासरे मला म्हणाले. "लिहिलं तर ते परत विचारायले येणार नाई."